अशांततेत कॉलरा जास्त जीव का घेतो?

प्रश्न : कॉलऱ्यावर इलाज साधा आहे म्हणतात. मग युद्ध-दंगलीत इतकी माणसं का दगावतात?
– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : वेळ हातची जाते म्हणून. पेजेसारखे जुलाब सुरू झाले की काही तासांत अंगातलं पाणी आटतं. वेळेत उपचार झाले तर शंभरात एकही रुग्ण जाऊ नये. नाहीतर तीव्र रुग्णांपैकी निम्मे जाऊ शकतात. संचारबंदीत रात्री दवाखाना गाठता येत नाही, सलाईन संपलेलं असतं. महापुरात उपसा केंद्र बुडालं की नळ कोरडे पडतात, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. युद्धात तेच पंप डिझेलअभावी थांबतात. मग लोक मिळेल ते दूषित पाणी पितात आणि कॉलरा पसरतो.

१९७१ च्या बांगलादेश युद्धावेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन कमी पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजलं. मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले!

ओआरएसची (अशाच मीठ-साखरेच्या पाण्याची तयार) पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर लहान मुलांना घातक. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग चमच्याचमच्यानं पाजा. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू बसत असेल, डोळे खोल गेले असतील, तर पाजत पाजतच दवाखान्यात न्या.