सातबाऱ्यात चूक दिसली तर

जमीन विकत घेताना इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, देण्याआधी सातबारा आणि त्यावरचे सगळे फेरफार, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदी, काढून वाचा. नावातलं अक्षर चुकलंय, संगणकीकरणात क्षेत्र बदललंय, तर घाबरू नका. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५५ खाली मालकाने तहसीलदारांकडे अर्ज करून दुरुस्ती करून घ्यावी.

खरी काळजी वारसनोंदीत राहून गेलेल्या बहिणीची. तो लेखनप्रमाद नाही, तिचा हिस्सा आहे. ‘ती काही मागणार नाही हो,’ या भावाच्या शब्दावर अजिबात जाऊ नका. आधी तिचं नाव लागू द्या. मग तिने खरेदीखतावर सही करावी किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावं.

जुन्या खरेदीखतातच गट नंबर चुकला असेल, तर चूकदुरुस्तीपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. त्यावर तेव्हाच्या दोन्ही पक्षांच्या सह्या लागतात, म्हणून ते काम विकणाऱ्याकडूनच करून घ्या.