मेंदूतील पंपाचा अभ्यास आणि मुलीचे करिअर

कोथरूडच्या एका पालक भगिनींनी विचारले आहे: ‘मुलगी बी.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेंदूतील सोडियम-पोटॅशियम पंपाची रूपे कोणत्या पेशींत आढळतात, यावर तिने सेमिनार दिला आणि आता याच विषयात संशोधन करायचे म्हणते. एवढ्याशा विषयावर पोट भरेल का, की बी.एड. करायला सांगू?’

सप्रेम नमस्कार.

आपली काळजी रास्त आहे. मात्र विषय दिसतो तेवढा लहान नाही. एटीपी या पेशीतील ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचा एक रेणू खर्चून तीन सोडियम आयन पेशीबाहेर टाकणारा आणि दोन पोटॅशियम आयन आत घेणारा हा पंप डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतातंतूंवर काम करताना दाखवून दिला, आणि त्यासाठी त्यांना १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. पंपाच्या अल्फा या मुख्य घटकाची चार रूपे आहेत. पहिले जवळजवळ सर्वच पेशींत असते, तर चौथे वृषणात. मेंदूच्या अभ्यासकाला खरा रस असतो तो मधल्या दोघांत: प्रौढ मेंदूत दुसरे रूप मुख्यतः ॲस्ट्रोसाइट या आधारपेशींत आणि तिसरे चेतापेशींत सापडते. दुसऱ्याच्या जनुकात बिघाड झाल्यास अर्धे अंग काही काळ लुळे पाडणारी आनुवंशिक अर्धशिशी होऊ शकते. तिसऱ्याच्या बिघाडातून अचानक उद्भवणारा डिस्टोनिया (स्नायू आपोआप आखडण्याचा विकार) किंवा लहान मुलांत आलटून पालटून येणारा अर्धांगवात होऊ शकतो. एकाच पंपाच्या दोन रूपांमुळे इतके वेगळे आजार का व्हावेत, हे समजून घ्यायला ‘कोठे’ या प्रश्नापासूनच सुरुवात करावी लागते.

नोकरी मात्र पंपावर मिळत नाही, हातच्या कौशल्यावर मिळते. ऊतकाचे पातळ काप घेणे, ठरावीक प्रथिनालाच चिकटणाऱ्या अँटिबॉडीने ते प्रथिन रंगवणे, एकेका पेशीतील आरएनएची (जनुकांचा संदेश वाहणाऱ्या रेणूंची) माहिती संगणकावर तपासणे ही कामे औषध आणि निदान क्षेत्रांतही लागतात. (ही रूपे एकमेकांशी इतकी जुळतात की अँटिबॉडी भलत्यालाच चिकटू शकते, सेमिनारमध्ये तिने याचा उल्लेख केला होता का, हे अवश्य विचारा. उत्तरावरून तिचा कल बराच कळेल.)

पुढचा मार्ग लांब आहे, हे लपवत नाही. जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा देऊन दोन वर्षांचे एम.एस्सी., मग नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा आणि साधारण पाच वर्षांची पीएच.डी. पाषाणचे आयसर (विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था), विद्यापीठ परिसरातील एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) आणि हरियाणातील मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र यांची संकेतस्थळे तिने आत्ताच पाहावीत. जेआरएफ ही नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. तोवर घरचा आधार लागेल, याचा हिशेब आपण घरी आजच मांडावा. बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येते, त्यामुळे घाई नको.

त्याआधी विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन फेलोशिपसाठी तिला अर्ज करू द्या. दोन महिने रोज तेच काप, तीच काचपट्टी आणि तोच सूक्ष्मदर्शक यांच्यासोबत काढल्यानंतर ती काय म्हणते, ते मला कळवा.