किट कार्सन कोण होता? त्याला नायक म्हणायचं की खलनायक?

दोन्ही, पण माझ्या मते खलनायकाचं पारडं जड आहे. १८०९ मध्ये अमेरिकेतल्या केंटकीत जन्म, बालपण मिसूरीत. खोगीर बनवणाऱ्याकडे उमेदवारीला ठेवलेला हा पोरगा १८२६ मध्ये पळाला. मालकाने जाहिरात देऊन शोधून आणणाऱ्याला बक्षीस लावलं, तेही अवघा १ सेंट! (पोरगा परत यावा असं मालकाला तरी वाटत होतं का, कोण जाणे.) पुढे फरसाठी बीव्हर या पाणप्राण्याची शिकार, मग १८४२ पासून अमेरिकी लष्करी अधिकारी जॉन फ्रेमाँटच्या पश्चिमेकडच्या शोधमोहिमांत वाटाड्या. फ्रेमाँटचे अहवाल गाजले आणि कार्सन घरोघरी पोचला. लिहिता-वाचता येत नसे, पण स्पॅनिश आणि काही आदिवासी भाषा बोलायचा. पहिली बायको अरापाहो या आदिवासी जमातीची होती.

तरीही १८६३-६४ मध्ये लष्करी हुकमावरून त्याने नावाहो या आदिवासी जमातीच्या लोकांची उभी पिकं जाळली, मेंढ्या मारल्या, उपासमारीने त्यांना शरण आणलं. हजारो लोकांना सुमारे ५०० किलोमीटर चालवत न्यू मेक्सिकोतल्या बोस्क रेडोंडोच्या छावणीत नेलं. वाटेत आणि तिथे असंख्य मेले. हुकूम वरून आला होता हे खरं, पण अंमल त्याचाच. कार्सन मे १८६८ मध्ये वारला, आणि नऊच दिवसांनी नावाहोंना घरी परतू देणारा करार झाला. नेवाडाची राजधानी कार्सन सिटी आजही त्याच्याच नावाची.