माळ्यावरचे डबे आधी खाली काढा

प्रश्न : मुलीला दोनदा नीटला बसवलं, मार्क तीनशेच्या वर जात नाहीत. तिसऱ्यांदा बसवायचं ठरवलंय, तर म्हणते, मला म्युझियममध्ये काम करायचंय. मेलेल्या प्राण्यांची राखण करण्यात कसलं करिअर? घरात शंखशिंपल्यांचे डबे, प्रत्येकात चिठ्ठी : 'कुणकेश्वर, ओहोटी, खडकाखाली, १४ जानेवारी'. वैतागून सगळे माळ्यावर टाकले. तिला समजवा. – एक पालक, देवगड

उत्तर : नमस्कार. मार्कांची मला काळजी नाही, माळ्यावरच्या डब्यांची आहे. दोन वर्षं ती तुमच्या मनातली परीक्षा देतेय. ती नीट जेवते का, झोपते का, मैत्रिणींशी बोलते का, यावर पत्रात एक अक्षर नाही. तिसऱ्यांदा बसवू नका. हे मी स्पष्ट सांगतो.

आणि ती राखण नव्हे. संग्रहालयात काचेमागे दिसतं ते थोडं. खरा संग्रह आतल्या कपाटांत असतो आणि त्याचा जीव चिठ्ठीत असतो. आपल्याच राज्यातला रानपिंगळा घ्या, म्हणजे एक छोटं घुबड. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंद नव्हती. १९१४ सालचा म्हणून एक नमुना ब्रिटनमधल्या संग्रहात होता. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो तपासला, तेव्हा जुनाच चोरलेला पक्षी खोटी चिठ्ठी लावून ठेवलेला निघाला. मग खऱ्या नोंदींच्या जागांकडे शोध वळला आणि १९९७ मध्ये शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा दिसला. जागा-तारीख नसलेला शंख फक्त शोकेसमध्ये ठेवण्यापुरता. तुमच्या मुलीनं कुणी न शिकवता जागा लिहिली, तारीख लिहिली, वर 'खडकाखाली' हेही लिहिलं!

वाट सांगतो. प्राणिशास्त्रात बीएस्सी, एमएस्सी. किंवा सीईटी देऊन रत्नागिरीत शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात बीएफएस्सी, म्हणजे मत्स्यविज्ञानाची पदवी. पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षण (पुण्यात त्यांचं केंद्र आहे), मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस). जागा कमी असतात, सुरुवातीचा पगारही बेताचा, हे लपवत नाही. पण संग्रहालयांत शिक्षण विभागही असतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची बस शाळाशाळांत वस्तू घेऊन जाते. किनाऱ्यावरच्या पोरांना त्यांच्याच बोलीत तिसऱ्या-कालवं (शिंपल्यांतले जीव) समजावणारी माणसं हवीच आहेत.

तिला एकदा रत्नागिरीला झाडगावच्या सागरी जीवशास्त्र केंद्राचं संग्रहालय दाखवून आणा. तुम्हीही आत जा, बाहेर गाडीत थांबू नका. एक गोष्ट तिला सांगा : काही शंखांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, जिवंत तर काहीच उचलायचं नाही, फोटो आणि नोंद पुरते.

डबे मात्र आजच उतरवा. चिठ्ठ्या दमटल्या असतील तर पंख्याखाली वाळवा. अक्षर पुसट झालं असेल तिथे तिला विचारून पुन्हा लिहा, आणि पेन्सिलीनं लिहा. आपल्याकडच्या पावसाळ्यात शाई पसरते.