घरी दोन लहान मुलं आहेत, सगळ्यात कमी फीचा नर्सिंग कोर्स घेऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की घरी दोन लहान मुलं, अर्धवेळ नोकरी, पैसे मोजके, तीन ठिकाणची माहितीपत्रकं समोर आहेत आणि त्यातल्या सगळ्यात कमी फीवाल्याला हो म्हणावं का, आणि या सगळ्यात अभ्यास कसा होतो. मी म्हणेन, थांबा जरा. मी पण हेच केलं होतं, मुलगी चार वर्षांची आणि मुलगा नुकता चालायला लागलेला तेव्हा, आणि सहा महिने आणि फी दोन्ही पाण्यात गेलं.

झालं काय, तर त्या जागेच्या बोर्डावर मोठ्या अक्षरात 'शासन नोंदणीकृत' लिहिलेलं होतं. एक खोली, एक प्लास्टिकचा पुतळा, आणि शिकवणाऱ्या बाई चांगल्या होत्या हे खरं. सहा महिन्यांनी सर्टिफिकेट घेऊन एका ठिकाणी मुलाखतीला गेले तर तिथल्या इनचार्ज सिस्टरनी विचारलं, रजिस्ट्रेशन नंबर? मी म्हटलं कसला नंबर. त्यांनी सर्टिफिकेट उलटून मागची बाजू पण बघितली आणि काही न बोलता परत दिलं. नंतर कळलं की नोंदणी होती ती संस्थेची, कोर्सची नव्हतीच! म्हणजे ते खोटं पण बोलले नव्हते, मीच नीट विचारलं नव्हतं.

तर पहिली गोष्ट, कोर्सचं नाव त्या देशाच्या किंवा राज्याच्या नर्सिंग कौन्सिलच्या, बोर्डाच्या यादीत आहे का ते स्वतः शोधा. त्यांनी पाठवलेल्या लिंकवरून नाही, स्वतः वेबसाइटवर जाऊन. आणि नुसतं संस्थेचं नाव दिसलं म्हणून खूश होऊ नका, नेमका तोच कोर्स, तीच शाखा, आणि मान्यता आत्ता चालू आहे का, हे तिन्ही जुळलं पाहिजे. अर्धा तास लागतो.

तुम्ही कुठल्या देशात आहात ते लिहिलेलं नाही आणि मराठी लिहिणारे आता कुठेही असतात, म्हणून दोन-तीन ठिकाणचं सांगते. भारतात एएनएम (सहाय्यक नर्स आणि दाईचा कोर्स) २ वर्षं, जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरीचा डिप्लोमा) ३ वर्षं, बीएस्सी नर्सिंग ४ वर्षं, आणि जीएनएम झाल्यावर पुढे २ वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. एएनएम-जीएनएमला वयाची वरची अट पण आहे, ३५ वर्षं, तेव्हा तिशी ओलांडली असेल तर ते आधी बघा. अमेरिकेत नर्सिंग असिस्टंटचं, म्हणजे नर्सच्या हाताखालच्या मदतनीसाचं, ट्रेनिंग केंद्राच्या नियमाने कमीत कमी ७५ तासांचं, त्यातले १६ तास प्रत्यक्ष देखरेखीखालचे, बऱ्याच राज्यांत याहून जास्त. युरोपियन युनियनमध्ये पूर्ण नर्स व्हायचं तर किमान ३ वर्षं आणि ४६०० तास, आणि त्यातले निम्मे तरी प्रत्यक्ष पेशंटजवळचे. या आकड्यांकडे मी पालक म्हणून बघते तेव्हा मला एकच दिसतं, की वर्गातला वेळ कसाही ॲडजस्ट होतो, वॉर्डातला होत नाही.

खरी मेख इथेच आहे. सगळे फी विचारतात, लेक्चरची वेळ विचारतात, क्लिनिकलचं टाइमटेबल कुणी विचारत नाही. क्लिनिकल म्हणजे हॉस्पिटलमधली ड्युटी, आणि ती बहुतेक वेळा सकाळी ७ च्या आसपास सुरू होते. आता विचार करा, सकाळी सातला तुम्ही युनिफॉर्ममध्ये वॉर्डात उभे असाल तर मुलांना कोण उठवणार, कोण शाळेत सोडणार. माहितीपत्रकात 'संध्याकाळची बॅच' लिहिलेलं असतं, ती बहुतेक वेळा फक्त थिअरीची असते. माझ्या वर्गातल्या एका बाईंना हे तिसऱ्या महिन्यात पोस्टिंगची यादी लागली तेव्हा कळलं, आणि त्या यादीसमोर त्या कितीतरी वेळ तशाच उभ्या होत्या.

आणि दांडीचं गणित. भारतातल्या नियमात परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीला ८० टक्के हजेरी लागते, पण शेवटचं सर्टिफिकेट हातात पडायच्या आधी प्रॅक्टिकल १०० टक्के भरून द्यावं लागतं, म्हणजे मुलाला ताप आला म्हणून बुडालेली प्रत्येक ड्युटी कधी ना कधी फेडायची आहे. बाकी देशांतही तास भरल्याशिवाय सोडत नाहीत. म्हणून प्रवेश घेण्याआधी सरळ विचारा, बुडालेली ड्युटी भरून कधी देता येते, त्याचे वेगळे पैसे लागतात का, की पुढच्या बॅचची वाट बघावी लागते? मी दुसऱ्यांदा कोर्स शोधत होते तेव्हा हे एका ऑफिसात विचारलं तर मॅडम म्हणाल्या, 'अहो तेव्हाचं तेव्हा बघू.' मी तिथून उठले. दुसऱ्या ठिकाणी त्यांनी ड्रॉवरमधून मागच्या वर्षीचं ड्युटीचं रोस्टर काढून समोर ठेवलं, कोणत्या आठवड्यात कोणता वॉर्ड, किती वाजता, नाइट किती, सगळं. फी पहिल्यापेक्षा जास्त होती पण मी तिथे नाव घातलं, आणि आजही सांगते, रोस्टर दाखवणारी जागा निवडा.

अजून एक, शक्य असेल तर शिफ्ट सुटायच्या वेळी गेटबाहेर उभं राहा आणि स्टुडंट्सशी बोला. दमलेला माणूस खरं बोलतो. त्यांना विचारा की वॉर्डात शिकवायला कुणी सोबत असतं का, की नुसत्या चादरी बदलायला आणि फाइली इकडून तिकडे न्यायला वापरतात.

आता पैशाचं. माहितीपत्रकातली फी म्हणजे नुसती सुरुवात असते. वर युनिफॉर्मचे दोन-तीन जोड, दिवसभर उभं राहता येईल असे बूट, स्टेथोस्कोप, सेकंद काट्याचं घड्याळ, पुस्तकं, मेडिकल तपासणी, लसी, काही ठिकाणी पोलीस पडताळणी आणि सीपीआरचं (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून द्यायच्या प्रथमोपचाराचं) सर्टिफिकेट, परीक्षेची फी वेगळी, रजिस्ट्रेशनची फी वेगळी. यात तुम्ही कामाचे जे तास सोडणार त्याचे बुडालेले पैसे आणि मुलं सांभाळणाऱ्याचा खर्च धरा, जाण्यायेण्याचा धरा. मी हे सगळं वहीच्या एका पानावर मांडलं तेव्हा सगळ्यात स्वस्त वाटलेला कोर्स तिसऱ्या नंबरला गेला, कारण हॉस्पिटल इतकं लांब होतं की रोज अडीच तास नुसते प्रवासात जाणार होते आणि तेवढा वेळ मुलांपाशी कुणीतरी हवंच होतं. हप्ते मिळतात का आणि मध्येच सोडलं तर किती परत मिळतं हे लेखी घ्या.

फुकट ट्रेनिंग पण असतं, त्याला नाकं मुरडू नका. काही हॉस्पिटलं स्वतः शिकवतात आणि बदल्यात काही वर्षं तिथेच काम करायचा बॉण्ड घेतात. वाईट नाही ते, नोकरीची चिंता मिटते, फक्त बॉण्ड मोडला तर किती भरायचं ते बघा आणि तुमची ओरिजिनल सर्टिफिकेटं त्यांच्याकडे ठेवून घेऊ देऊ नका, झेरॉक्स द्या. अमेरिकेतलं तर अजून चांगलं, तिथे नर्सिंग होमने (तिकडे हे म्हणजे वृद्धांना, आजाऱ्यांना ठेवून सांभाळणारी जागा) कामावर घेतलं असेल किंवा नोकरीचं पक्कं सांगितलं असेल तर असिस्टंटच्या ट्रेनिंगचे पैसे तुमच्याकडून घेता येत नाहीत असा केंद्राचा नियमच आहे, आणि स्वतः पैसे भरून केलं आणि १२ महिन्यांच्या आत नर्सिंग होममध्ये लागलात तर ते काही प्रमाणात परत मिळायची सोय आहे. हे माहीत नसल्यामुळे लोक उगाच खिशातून भरतात.

छोट्या कोर्सपासून सुरू करावं की थेट मोठा घ्यावा, तर मुलं अगदी लहान असतील तर छोटा आधी, असं माझं मत. काम जमतंय का ते कळतं. मळमळ, वास, रडणारे नातेवाईक, हे माहितीपत्रकात नसतं. फक्त त्या छोट्यावरून वर जायचा रस्ता आहे ना, ते विचारून घ्या, नाहीतर परत शून्यापासून.

अभ्यास कसा होतो असंही तुम्ही विचारलंय. तुकड्या-तुकड्याने होतो. मी श्वास मोजायला मुलगा झोपला की शिकले, छातीवर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट, कारण मुलांचा श्वास एका लयीत नसतो, अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलं तर चुकतं. बीपीचा पट्टा नवऱ्याच्या दंडाला इतक्या वेळा बांधला की तो नुसता पट्टा बघून बाही वर करायचा. सलाइनच्या थेंबांचं गणित मात्र मला रडवायचं, एक लिटर ८ तासांत द्यायचंय, सेट २० थेंबांचा (म्हणजे २० थेंबांचं एक मिलिलिटर), तर १००० गुणिले २० भागिले ४८० मिनिटं, मिनिटाला साधारण ४२ थेंब. असली गणितं मी फ्रिजवर चिकटवली होती, येता-जाता एक सोडवायचं. मुलीला आकडे वाचता यायला लागले ते तिथेच.

ऑनलाइनचं म्हणाल तर थिअरीपुरतं छान, रात्री मुलं झोपल्यावर ऐकता येतं. पण 'घरबसल्या पूर्ण नर्सिंग' असं कुणी म्हणत असेल तर पळा तिथून, इंजेक्शन काय मोबाईलवर देणार आहात?

आणि कोर्स ठरायची वाट न बघता एक काम या आठवड्यातच सुरू करा, हिपॅटायटिस बी ची लस घेतली नसेल तर. तीन डोस असतात, पहिल्यानंतर महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासूनच सहा महिन्यांनी तिसरा, आणि बऱ्याच ठिकाणी त्याचा कागद दाखवल्याशिवाय वॉर्डात पाऊल टाकू देत नाहीत. आमच्या बॅचमध्ये दोघींची पोस्टिंग त्यावरूनच लांबली होती. देश आणि मुलांची वयं कळवलीत तर ड्युटीच्या वेळांचं अजून नीट सांगता येईल.