तुमचे प्रश्न: ऑस्कीच्या तयारीला लागताना

मिरजेतल्या रुग्णालयात बरीच वर्षं आयसीयूत आहे. ब्रिटनच्या नर्सिंग परिषदेची संगणकावरची परीक्षा पास झाले, आता तिकडे जाऊन ऑस्की, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा, द्यायची आहे. रोज बीपी-पल्स घेणाऱ्या बाईनं त्यात नवीन काय शिकायचं?
– एक परिचारिका, मिरज

बीपी घ्यायला तुम्हाला कुणी शिकवायला नको. आकडे हाती आल्यावर काय करायचं, ते शिकायचं आहे. ऑगस्ट २०२१पासून ऑस्कीत दहा स्टेशनं, म्हणजे परीक्षेचे टप्पे, असतात. चार स्टेशनं एकाच रुग्णाभोवती फिरतात: तपासणी, नियोजन, अंमलबजावणी, मूल्यमापन. चार हातच्या कौशल्यांची, जोडीजोडीनं. उरलेली दोन लेखी. आपल्या मुली अडखळतात त्या बहुधा पहिल्याच स्टेशनवर.

तिथे श्वास पूर्ण ६० सेकंद मोजायचा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं, तर उत्तर २० येतं किंवा २४. मधले २१, २२, २३ हाती लागतच नाहीत. (गर्दीच्या वॉर्डात टीपीआर (ताप-नाडी-श्वास) चार्टवर सरसकट २० कसे लिहिले जातात, ते तुम्हाला आम्ही काय सांगावं!) तब्येत किती बिघडली आहे ते गुणांत मोजणाऱ्या ‘न्यूज टू’ तक्त्यात मिनिटाला १२ ते २० श्वासांना शून्य गुण, २१ ते २४ला थेट दोन, आणि २५पासून तीन. म्हणजे एका श्वासानं दोन गुणांचा फरक पडतो. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडू नका, तसंच धरून श्वास मोजा. आपला श्वास मोजला जातोय हे कळलं की माणूस वेगळा श्वास घेतो.

एक उदाहरण करून बघा. श्वास २२, ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन ९५, वरचं बीपी १०८, नाडी १०४, ताप ३८.४ सेल्सिअस, रुग्ण पूर्ण शुद्धीवर. आयसीयूत यातल्या एकाही आकड्यानं तुम्ही दचकणार नाही. पण गुण होतात २, १, १, १, १, ०, बेरीज सहा. पाच झाले की डॉक्टरांना तातडीनं कळवायचं आणि नोंदी दर तासाला तरी घ्यायच्या. हे परीक्षकाला ऐकू जाईल असं बोलायचं. मनातल्या मनात केलेल्या हिशेबाला गुण नाहीत. ऑक्सिजन लावलेला असेल, तर सॅच्युरेशन ९७ असलं तरी त्याचे दोन गुण वेगळे धरायचे. ही चूक अनुभवी हातांकडूनच जास्त होते, कारण ९७ दिसलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो. आणि रुग्ण नव्यानं असंबद्ध बोलायला लागला असेल, तर त्या एकाच गोष्टीचे तीन.

इंजेक्शननंतर सुईला टोपण घालायचं नाही, हे माहीत आहे. आम्ही हब कटरनं सुई कापून पांढऱ्या डब्यात टाकतो. तिकडेही तसंच का?
– वाचक, नाशिक

नाही. तिकडे कापायचंही नाही, सुई सिरिंजपासून वेगळीही करायची नाही. दोन्ही एकत्रच शार्प्सच्या (टोकदार-धारदार वस्तूंच्या) डब्यात. त्यासाठी डबा रुग्णाजवळ हवा. तो टेबलावर विसरला की उघडी सुई घेऊन चालावं लागतं, किंवा सवयीनं हात टोपणाकडे जातो. म्हणून ट्रे लावतानाच डबा सोबत घ्या. स्नायूत देताना त्वचा एका बाजूला ओढून धरायची, सुई ९० अंशांत, औषध दर १० सेकंदांना १ मिली या गतीनं, मग १० सेकंद थांबून सुई काढायची आणि त्यानंतरच त्वचा सोडायची. चोळायचं नाही, चोळलं की औषध परत वर झिरपतं.

हात थरथरला म्हणून सहसा कुणी नापास होत नाही. रुग्णाला खाटेच्या नंबरानं ओळखायच्या, ‘बारा नंबरचं इंजेक्शन’ म्हणायच्या आपल्या सवयीनं मात्र नक्की होतं. नाव आणि जन्मतारीख रुग्णाच्या तोंडून वदवून घ्या, मनगटपट्टीशी आणि औषधपत्रकाशी ताडून पाहा, अ‍ॅलर्जी विचारा. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्या रुग्णाच्या पत्रकावर अ‍ॅमॉक्सिसिलिन (तेही पेनिसिलिनच्याच गटातलं) दिसलं, तर ते द्यायचं नाही; न दिल्याची खूण करून कारण लिहायचं.

कॅथेटरमधून लघवीचा नमुना घेताना नेमकं काय चुकतं?
– नर्सिंग ट्यूटर, कोल्हापूर

दोन गोष्टी. नमुना पिशवीतून नव्हे, नळीवरच्या पोर्टमधून (नमुन्यासाठी ठेवलेल्या तोंडातून) घ्यायचा. पिशवीत साचलेल्या लघवीत जंतू वाढलेले असतात. नळीत लघवी नसेल तर पोर्टच्या खाली क्लॅम्प (चिमटा) लावायचा. ७० टक्के अल्कोहोलमधल्या २ टक्के क्लोरहेक्सिडीननं पोर्ट पुसून ३० सेकंद वाळू द्यायचा. फुंकर मारायची नाही, हातानं वाराही घालायचा नाही. पुसलेल्या पोर्टला किंवा सिरिंजच्या टोकाला बोट लागलं, तर सगळं नव्यानं. दुसरी चूक अगदी शेवटची: क्लॅम्प काढायचा राहतो आणि लघवी मूत्राशयात तुंबते. विद्यार्थिनींकडून क्लॅम्प काढून, पिशवीत धार सुरू झाल्याचं बघून मगच हातमोजे उतरवायचा सराव करून घ्या.

एखाद्या स्टेशनवर नापास झालं तर?
– वाचक, पुणे

सात किंवा त्याहून कमी स्टेशनं गेली तर तेवढीच पुन्हा, अर्ध्या फीमध्ये: ७९४ऐवजी ३९७ पौंड. आठ गेली की पूर्ण परीक्षा, पूर्ण फी. एका अर्जावर तीन संधी.

बांगड्या चालतील का?
– नवविवाहिता, सातारा

कोपराखाली काहीच नको: चुडा, घड्याळ, मनगटावरचा गंडा, नेलपॉलिश. एक साधी, खडा नसलेली अंगठी चालते. घड्याळ छातीवर टाचायचं मिळतं. सेकंदकाटा असलेलं घ्या.