बोरांना कुणी धरून का ठेवलं नाही?

प्रश्न : प्रशिक्षक बोरा मिलुटिनोविच यांनी पाच वेगवेगळ्या देशांचे संघ फुटबॉल विश्वचषकाला नेले. मग एकाही देशानं त्यांना धरून का ठेवलं नाही? माझा मुलगा म्हणतो, नशिबाचाच भाग जास्त.

उत्तर : नशीब एकदा साथ देईल, ओळीनं चारदा कसं देईल? 1986 ला मेक्सिको, 1990 ला कोस्टा रिका, 1994 ला अमेरिका, 1998 ला नायजेरिया. चारही संघ साखळी ओलांडून गेले. 2002 चा चीन मात्र तिन्ही सामने हरला, एक गोलही न करता. मायदेश युगोस्लाव्हियाचा संघ या यादीत नाहीच.

'नेले' म्हणताना मात्र जरा थांबा. पात्रता फेरीतून बोरांनी स्वतः वर आणला तो एकटा चीन. मेक्सिको आणि अमेरिका यजमान म्हणून थेट आत होते. कोस्टा रिका, नायजेरिया यांना दुसऱ्या प्रशिक्षकांनी पात्र ठरवलं, त्या प्रशिक्षकांना नारळ मिळाला आणि बोरा आले.

मला विचाराल तर कोस्टा रिकाचं काम सर्वांत सरस. देशाचा पहिलाच विश्वचषक, स्पर्धा तोंडावर. तरी स्कॉटलंडला 1-0, स्वीडनला 2-1 हरवलं. ब्राझीललाही एकाच गोलवर रोखलं. पुढे गोलरक्षक कोनेहो जखमी झाला आणि चेकोस्लोव्हाकियानं चार गोल चढवले. कोस्टा रिकाच्या त्या संघातले खेळाडू गिमाराइस 2002 ला त्याच देशाचे प्रशिक्षक होते. त्यांनीच बोरांच्या चीनला 2-0 हरवलं. (हेच गिमाराइस पुढे आपल्याकडच्या आयएसएल या फुटबॉल लीगमध्ये मुंबई सिटी क्लबकडे आले.)

आता धरून ठेवण्याचं. अमेरिकेच्या महासंघाला प्रशिक्षकानं कार्यालयीन कामंही बघायला हवी होती. बोरा नाही म्हणाले, 1995 ला बाहेर पडले. मग ते पुन्हा मेक्सिकोकडे आले, तिथली तऱ्हा आणखी वेगळी. 1997 ला शेवटच्या पात्रता फेरीत संघ एकही सामना हरला नाही. पण घरच्या मैदानात अमेरिकेशी 0-0 झाली, प्रेक्षक चिडले आणि नोकरी गेली. 1998 च्या विश्वचषकाला फ्रान्सला संघ घेऊन गेले नवे प्रशिक्षक लापुएंते. बोरा तिथंच नायजेरियाबरोबर पोचले आणि स्पेनला 3-2 हरवलं.

माझ्या मते बोरांनाही हे फिरतं कामच मानवत असावं. क्लबच्या दर आठवड्याच्या रगाड्यात ते फारसे रमले नाहीत. इटलीत उडिनेसेकडे थोडेच दिवस टिकले. 2009 ला ते इराकचा संघ घेऊन कॉन्फेडरेशन्स कपला, म्हणजे खंडविजेत्या संघांच्या स्पर्धेला, होते. युरोप विजेत्या स्पेननं हरवलं, तेही एकाच गोलनं.